किती राह्यलं?

मुकं भांडण मला बिलकूल आवडत नाही. भांडायचं तर तोंड उघडून भांडावं, चार घरांना ऐकू जावं आणि संध्याकाळी एकाच ताटलीतला ठेचा खावा. पण आमच्या शेजारच्या तुळशीरामभाऊजींनी आणि सुभद्राबाईंनी पोळ्याला जो अबोला धरला, तो महाशिवरात्र आली तरी सुटेना. घरात माणसं दोनच. लेक डोणगावला दिलेली. मग सगळं बोलणं बोक्यामार्फत चाले.

"बोक्या, सांग त्याईले, भाकर थंडी होऊन राह्यली."

"बोक्या, सांग तिले, मले भूक नाही."

बोका दोघांकडे आळीपाळीनं बघे आणि शेवटी ती भाकर स्वतःच खाई. अख्ख्या सोनाळ्यात त्याच्याइतका गुबगुबीत बोका दुसरा नव्हता.

भांडण म्हशीवरून झालं होतं. मोरी ही बाईंनी पारडी असल्यापासून वाढवलेली म्हैस. भाऊजींच्या टुनकी गावातल्या बहिणीकडे लहान लेकरू होतं आणि दुभतं नव्हतं, म्हणून भाऊजींनी एका सकाळी मोरी सोडली आणि तिकडे नेऊन बांधली. बाई मळ्यातून वांगी तोडून आल्या तर गोठा रिकामा. "मले विचारलं काऊन नाही?" बाई म्हणाल्या. "मी कोणालेच विचारत नसतो," भाऊजी म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. परक्या गावात रस्ता चुकला तर हा माणूस तीनदा त्याच देवळाला वळसा घालेल, पण कोणाला विचारणार नाही.

आमच्या गावाच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे आणि त्यातल्या सगळ्यात उंच माथ्यावर वरचा महादेव बसलेला आहे. आम्ही आधी मध्यप्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्र झाला. राज्यं बदलली, पण हा डोंगर काही जागचा हलला नाही आणि त्याचे नेमही बदलले नाहीत. महाशिवरात्रीला गावची मंडळी पायी निघतात, वाटेतल्या प्रत्येक देवाला नारळ देत, मुक्काम करत, गाणी म्हणत वर जातात. देवासाठी नेलेलं गाठोडं ज्याचं त्यानं वाहायचं. दुसऱ्यानं हात लावला तर पुण्य त्याचं. आणि चढताना 'किती राहिलं' म्हणून विचारायचं नाही. विचारलं की महादेव डोंगर वाढवतो. ज्याला विचारलं त्याचं गाठोडं मग विचारणाऱ्याच्या डोक्यावर येतं, थेट माथ्यापर्यंत. पुण्य मात्र ज्याचं त्यालाच, कारण ही देवाची शिक्षा.

निघायच्या आदल्या दिवशी बाई माझ्याकडे आल्या. गाठोडं बांधून तयार होतं.

"तानू, मी देवाले एकच मागून राह्यली. माथ्यावर जाईस्तोवर त्याईनं माह्याशी एक शब्द बोलावं. नाही बोलले तं मी उतरून घरी येत नाही. तशीच डोणगावले जाईन लेकीकडे, राहीन तिथीच."

मला वाटलं थट्टा करतात. पण त्यांनी लुगड्याचा पदर डोळ्यांना लावला. अशी बाई शेजारातून गेली तर मी भांडायचं कोणाशी?

"पण ते बोलतीन कसे, बाई?"

"किती राह्यलं म्हणून विचारतीन. चढच तसा हाय. आन् मले विचारलं की हे घेतीन डोक्यावर." त्यांनी गाठोडं थोपटलं. मी उचलून बघितलं तर हात खालीच राहिला.

"काय भरलं हो यात?"

"देवाचं हाय," बाई म्हणाल्या आणि डोळे पुसता पुसता हसल्या.

घरी बोका होता, वाटेत बोक्याचं काम माझ्याकडे आलं. "तानू, सांग त्याईले, पायात काटा हाय का पाहा म्हणा." "तानू, सांग तिले, माह्ये पाय मले दिसतात." पहिल्या चढावर माझा इतका जीव गेला की मी आमच्या जत्रेच्या म्होरक्याला, पंजाबरावांना, विचारून बसले, "मामंजी, किती राह्यलं हो?" सगळी मंडळी टाळ्या पिटून हसली. पंजाबरावांनी आपलं गाठोडं मोठ्या मायेनं माझ्या डोक्यावर ठेवलं. त्यात तांब्याची परात होती. एका माणसानं एकाचंच घ्यायचं असतं एवढीच काय ती दया.

बाईंनी भाऊजींना बोलतं करायला काय काय नाही केलं! पहिल्या मुक्कामाला ठेच्यात मूठभर जास्त मीठ घातलं. वाटलं, तहानेनं तरी विचारतील, झरा किती राहिला. भाऊजींनी ठेचा खाल्ला, आमची सगळ्यांची पाण्याची भांडी रिकामी केली आणि मुकाट झोपले. दुसऱ्या दिवशी बाई प्रत्येक वळणावर मला मोठ्यानं सांगू लागल्या, "आला वं तानू माथा, हा पाहा आला!" भाऊजींना खोटं खपत नसे. त्यांचे कान लाल झाले. आता विचारतात की मग विचारतात, असं मला वाटत होतं. पण ते म्हणाले, "तानू, सांग तिले, अजून भैरोबाचा खडा चढ यायचा हाय." पळसाला फुलं आली होती, वारा छान होता, आणि मला दोघांनाही परातीनं बडवावंसं वाटत होतं.

शेवटच्या दिवशी चढ उभाच लागला. वाट दगडांची, एका बाजूला खोल दरी. पुढची मंडळी गात गात वर गेली. मागे पंजाबराव, बाई आणि मी. भाऊजी आमच्या थोडे पुढे, पण फार पुढे नाहीत. हे माझ्या कधीच लक्षात आलं होतं. बाई थांबल्या की त्यांना लगेच चिलीम आठवे.

एका दगडाजवळ बाई बसल्या त्या उठेनात. टाच फाटून रक्त येत होतं. सकाळपासून येत असावं. त्यांनी पदराची चिंधी बांधून लपवलं होतं. त्यांनी गाठोडं उचलायचा प्रयत्न केला, ते डोक्यापर्यंत जाईना.

"ठेव इथीसा," पंजाबराव म्हणाले. "देव इथूनबी पाह्यते."

"नाही." बाई रडू लागल्या. "नवस हाय माह्या. अर्ध्यात कशी ठेवू?"

मी तोंड उघडलं, पण माझ्या डोक्यावर आधीच एक परात होती. पंजाबराव म्होरके, त्यांनीच नेम मोडला तर जत्रा कशी चालायची? माथा समोर दिसत होता, देवळाचा झेंडा दिसत होता आणि बाईंची डोणगावची वाटही मला आता स्पष्ट दिसू लागली होती.

वरून दगड घरंगळले. भाऊजी खाली येत होते. बाईंसमोर उभे राहिले, टाचेकडे पाहिलं, माथ्याकडे पाहिलं. मग दरीत घुमेल अशा आवाजात म्हणाले, "किती राह्यलं वं?"

पुढच्या मंडळींचं गाणं बंद पडलं. तुळशीरामानं विचारलं! वरून माणसं वाकून बघू लागली.

बाईंनी नाक पुसलं. माझा जीव टांगणीला लागला, आणि या बाईला अशा वेळी खोडी सुचली.

"कोणाले इचारून राह्यले? बोक्या तं घरी हाय."

भाऊजींच्या मिशा थरथरल्या. मला वाटलं, गेलं सगळं.

"तुलेच विचारून राह्यलो, सुभद्रे," ते म्हणाले.

लग्न झाल्यापासून त्यांनी चारचौघात बायकोचं नाव घेतलेलं कोणी ऐकलं नव्हतं. मी रडले. परात डोक्यावर होती म्हणून डोळेही पुसता आले नाहीत.

"थोडंसंच राह्यलं," बाई हळूच म्हणाल्या.

भाऊजींनी गाठोडं उचललं आणि त्यांच्या तोंडून 'आई गं' निघालं. मग जे तोंड सुटलं ते माथ्यापर्यंत थांबलं नाही. "काय भरलं वं यात? धोंडे भरले का? डोंगरावर डोंगर घेऊन चढून राह्यली का?" प्रत्येक शब्द थेट बायकोला. माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत येणाऱ्या बाई इतक्या खूश, की दुखऱ्या टाचेनं मलाच ओढत होत्या.

माथ्यावर नारळ फुटले, घंटा वाजली. भाऊजींनी गाठोडं सोडलं. नारळ, पीठ, गूळ, हळदकुंकू, आणि तळाशी आमच्या गल्लीतला सगळ्यात मोठा वरवंटा.

"हा देवाचा?"

"तुमच्यासाठी घेतला होता." बाईंनी मान खाली घातली. "वाटलं, पयल्याच चढावर विचारसान आन् मंग तुमीच वाहसान सारी वाट. तुमी विचारलंच नाही. मलेच वाहा लागला."

करायला गेले काय आणि उलटे झाले पाय! पंजाबराव हसता हसता खाली बसले. भाऊजी हसले नाहीत. वरवंटा हातात धरून बसून राहिले.

"विचारायले पाह्यजे होतं," ते म्हणाले.

"विचारलं ना आता."

"आता नाही वं. मोरीच्या वक्ती. तुले विचारायले पाह्यजे होतं. घर खायले उठत होतं मले."

बाईंनी नुसता वरवंट्यावरचा त्यांचा हात थोपटला. मी देवळामागे जाऊन उगाच घंटा वाजवली.

उतरायची वेळ झाली. उतरताना नेम नसतो. कोणाचंही कोणीही घ्यावं. भाऊजींनी झटकन बाईंचं गाठोडं उचलून खांद्यावर टाकलं.

"पाह्यलं का?" बाई कडाडल्या. "पुन्हा न विचारता!"

भाऊजी थबकले. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं, पागोटं सारखं केलं आणि सगळ्या जत्रेसमोर विचारलं, "सुभद्रे, घेऊ का वं तुह्यं गाठोडं?"

बाईंनी तोंडाला पदर लावला.

"थांबा हो जरा," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर बोक्याले विचारून सांगते."