गाळलेले सात ठिपके

शेवटच्या साध्या दिवशी बाबा छातीवरच्या पट्टीभोवती खाजवत जेवायला बसले होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. माझ्या प्रयोगाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून आपणहून पुढे आला होता. पट्टी आठवडाभर त्यांच्या हृदयाचे ठोके नोंदवत होती आणि नोंदी रोज माझ्याकडे येत होत्या.

"काय म्हणतंय आमचं यंत्र?"

"तुमच्या दुकानातल्या घड्याळांपेक्षा बरं चाललंय," मी म्हटलं. ते हसले. मधूनच डोळ्यांपुढे अंधारी येते, असंही म्हणाले. आईने चष्म्याच्या नंबराचा विषय काढला आणि ते तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर ते कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

माझं शिक्षण ताऱ्यांचं. ताऱ्याचा प्रकाश मोजताना एखादा ठिपका रेषेपासून फार लांब पडला, तर तो कॅमेऱ्याचा दोष समजून गाळायचा, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. तोच प्रोग्राम मी दोन ठोक्यांमधल्या अंतरांना लावला होता. त्या जेवणाच्या दिवशी सकाळी त्याने विचारलं होतं, सात ठिपके गाळू का? मी हो म्हटलं. आलेख आरशासारखा स्वच्छ आला.

तीन आठवड्यांनी मी मूळ नोंदी उघडल्या. त्या सातही जागी दोन ठोक्यांच्या मध्ये चार-पाच सेकंद काहीच नव्हतं.

माझ्या मार्गदर्शक सरांना दाखवलं. ते म्हणाले, चूक पद्धतीची आहे, तुझी नाही. लेखात मर्यादा म्हणून नोंदव. मी नोंदवली. दीड ओळ झाली.

घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच सांगायची. लेक रोज तपासत होती, काही म्हणजे काही नव्हतं, मग कोण काय करणार. तेवढ्यावर ती तगून होती. मी रिकामे कप गोळा करून आत न्यायची.

आज मावशी आली. आईने पुन्हा तेच सुरू केलं, आणि मध्येच माझ्याकडे वळली.

"तूच सांग ना गं हिला."

मी हातातले कप खाली ठेवले.

"दिसलं होतं, आई. सात वेळा. मीच ते पुसून टाकलं."