चौथ्या पत्रातली विशेषणं

चौथ्या पत्रात हिरव्या रेघा एकतीस भरल्या. पहिल्या पत्रात त्या नऊ होत्या, आणि दोन्ही पत्रं जवळजवळ सारख्याच लांबीची होती. श्यामलाबाईंनी पेन्सिल खाली ठेवून पुन्हा मोजलं. एकतीसच.

इंग्रजी शब्दांच्या आठ जाती आणि आठ रंगीत पेन्सिली, ही त्यांची शिकवण्याची रीत. नाम निळं, क्रियापद लाल, विशेषण हिरवं. त्यांचं शिक्षण भौतिकशास्त्राचं. पण शाळेत इंग्रजीचा शिक्षक टिकेना, म्हणून व्याकरण गळ्यात पडलं आणि तिथेच राहिलं. निवृत्तीनंतर नारायण पेठेतल्या घरी त्या कॉम्प्युटर कंपन्यांत नव्यानं लागलेल्या मुलांची शिकवणी घेत. हिरव्या रेघांचा हा कागद मात्र शिकवणीतला नव्हता. तो स्वरालीला, त्यांच्या मुलीला, सांगून आलेल्या मुलाचा होता.

मुलगा केयूर, अमेरिकेत प्रोग्रॅमर. लग्न ठरेपर्यंत मुलांनी परस्पर बोलू नये, असं दोन्ही घरांचं मत पडलं होतं. त्यामुळे केयूरची ई-मेल कोथरूडला त्याच्या वडिलांच्या कॉम्प्युटरवर येई. यज्ञेश्वरराव ती छापून पाकिटातून आणून देत, आणि स्वरालीचं उत्तर तसंच पाकिटातून परत जाई. तीन महिने हे चाललं होतं. होकार की नकार, हे श्यामलाबाईंच्यानं सांगवत नव्हतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. चुकलं तर दोष वाटून घ्यायला दुसरं कुणी नव्हतं.

आणि आता हा एकतीसचा आकडा. माणसाची भाषा तीन महिन्यांत इतकी बदलत नाही. तिकडे त्याला कुणी लिहून देत असेल का? एखादी बाई? पाकीट आणून देणाऱ्यावर त्यांचा संशय गेला नाही. पोस्टमनवर कोण संशय घेतं?

त्यांनी दिग्विजयला विचारून पाहिलं. तो अमरावतीचा, हिंजवडीत कामाला, शनिवारी शिकवणीला येई.

"तुमच्या कंपनीत मुलं एकमेकांची पत्रं लिहून देतात का रे?"

"क्लायंटची मेल टीम लीड लिहून देते, मॅडम. पोरीची मेल कोन लिहून देईन? अन् लिहून देनाराच चांगला निघाला, तं पोरगी त्यालेच नाही का पसंत करनार?"

श्यामलाबाईंना हसू आलं नाही.

रविवारी दहा वाजता यज्ञेश्वरराव आले. बाईंनी चारही पत्रं त्यांच्यापुढे मांडली.

"हे काय, चिरंजीवांची परीक्षा घेतलीत वाटतं?"

"घेतली. ही पत्रं एका माणसाची नाहीत. कुणीतरी लिहून देतंय. कोण, ते आपण त्याला विचारावं."

यज्ञेश्वररावांनी चष्मा लावला. चौथ्या पत्रावरून बोट फिरवत ते तोंडातल्या तोंडात मोजू लागले.

"बत्तीस," ते म्हणाले.

"काय?"

"विशेषणं. शेवटून तिसऱ्या ओळीतलं एक तुमच्याकडून सुटलंय. मी घातलंय, म्हणून ठाऊक."

श्यामलाबाईंनी कागद ओढून घेऊन ती ओळ शोधली.

"पहिल्या पत्रानंतर स्वारी चार ओळींच्या वर लिहीत नाही," यज्ञेश्वरराव म्हणाले. "आणि तुमच्याकडून अशी उत्तरं यायची, की आमची ही म्हणाली, या मुलीपुढे आपला अगदीच दगड दिसेल. म्हणून जरा हात फिरवला."

"जरा?"

"अहो, विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. दिवसभर कात्रजला प्रयोगशाळेत दूध तपासणारी मुलगी रात्री दोन-दोन पानं इतकं घोटीव इंग्रजी लिहिते?"

श्यामलाबाईंचे कान तापले. तेवढ्यात स्वराली चहा घेऊन बाहेर आली.

"पहिलं उत्तर माझं होतं, काका. ते आईनं तपासायला घेतलं. पुढची तर मी वाचलीसुद्धा नाहीत."

"म्हणजे तीन महिने..."

"तुम्ही दोघं एकमेकांना लिहीत होतात. साखर किती घालू?"

श्यामलाबाईंची नजर यज्ञेश्वररावांच्या खिशाकडे गेली. त्यातून पाकिटाचं टोक दिसत होतं. एरवी चपला काढता काढता पाकीट हातात देणारा हा माणूस आज ते खिशात ठेवून बसला होता.

"त्यात काय आहे?"

"पाचवं." त्यांनी खिशावर हात ठेवला. "याच्यावर हात फिरवलेला नाही."

"मग द्या की."

"होकार घेऊन मग देणार होतो," ते खाली बघत म्हणाले आणि पाकीट टेबलावर ठेवलं.

आत चार ओळी होत्या. कंपनीनं आमचं प्रोजेक्ट बंद केलं. नोकरी गेली, जूनमध्ये पुण्याला परत येतोय. मागच्या वेळी हेच कळवलं होतं, त्यावर स्वराली काहीच बोलली नाही. बाबा, तुम्ही तिला दाखवलंत ना?

श्यामलाबाईंनी चौथं पत्र पुन्हा पाहिलं. टेक्सासमधलं आकाश होतं, तळं होतं, संध्याकाळ होती. नोकरीचं अक्षर नव्हतं. एवढी जागा भरून काढायची तर बत्तीस विशेषणं लागणारच.

नकार त्यांच्या जिभेवर आला. नोकरी नाही, आणि सासरा असा. कुणीही पटकन मान्य केलं असतं. पण स्वराली तो कागद हातात घेऊन उभी होती. एकदा वाचून झाल्यावर ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत होती.

"काका, यातला एकही शब्द तुमचा नाही?"

"एकही नाही."

श्यामलाबाईंनी जीभ आवरली. तीन महिन्यांत आपण हिला एकदाही विचारलं नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"तू सांग," त्या म्हणाल्या.

स्वरालीनं कागदाची घडी घातली.

"माझा होकार आहे. आणि तो त्याला मीच कळवणार."