शिपायाचा उजवा हात

आमच्या घरात वस्तूची परीक्षा तळहातावर होते. आप्पांनी रिमोट उचलला, चष्मा उचलला, साधं पेन उचललं, तरी आधी ते तळहातावर दोनदा हलकेच उडवून बघणार आणि मग निकाल देणार. हलकं निघालं की म्हणणार, "टरफल आहे." मी जन्मले तेव्हा नर्सच्या हातातून मला घेऊन ते म्हणाले होते, "पावणेतीन किलो." काट्यावर बरोबर पावणेतीन भरले. ही गोष्ट त्यांनी मला हजार वेळा तरी ऐकवली असेल, आणि तीही अशा थाटात, की मी त्यांच्याच मशीनमधून निघालेला नग आहे.

आप्पा ओतकाम खात्यात आहेत. जस्त वितळवायचं, मशीनने पोलादी साच्यात दाबायचं आणि निवलं की आतून हात, पाय, छाती, शिरस्त्राण असं एकेक काढायचं. सत्तावीस वर्षं हेच. आमचा कारखाना सांधे हलणारे छोटे पुतळे करतो. पोरांसाठी नाही हं! पोरं बिचारी खेळून मोडतील तरी. आमची गिऱ्हाइकं म्हणजे चाळिशी-पन्नाशीची माणसं. पुतळा काचेच्या कपाटात ठेवतात आणि घरातल्या कुणी कपाटाला हात लावला तर घर डोक्यावर घेतात.

भिंतीच्या पलीकडे प्लॅस्टिक खातं. त्याची मुख्य आमची आत्या, आप्पांची धाकटी बहीण. आणि मी तपासणी खात्यात, म्हणजे दोघांच्या मधे. जेवणाच्या सुट्टीतही मधेच, कारण हे दोघं रोज एकाच बाकावर बसतात आणि पहिला घास गिळायच्या आत भांडायला लागतात.

"दादा, तुझा पुतळा कपाटात ठेवायचा की व्यायामशाळेत?"

"तुझा कुठेही ठेव. फक्त समोर कुणी शिंकू नका म्हणावं."

"तुझ्या रंगाचे टवके उडतात ते बघ आधी!"

"माझा हातात घेतल्यावर काहीतरी घेतल्यासारखं वाटतं. तुझा घेतला की वाटतं, आतला माल काढून घेतलाय."

हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. पण एके दिवशी मालकीणबाईंनी आम्हाला बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं, की दोन्ही खाती पूर्वीसारखी चालवणं आता परवडत नाही. नवा पुतळा येतोय, अकरा इंची अंतराळातला शिपाई. डावा पाय पुढे, उजवा हात वर. एक आख्खा धातूचा करा, एक आख्खा प्लॅस्टिकचा. दोघे बारा दिवस तपासणीच्या फळीवर उभे राहतील. जो जसाच्या तसा राहील, पुढे तोच करायचा. प्लॅस्टिक हरलं तर आत्याकडे खोक्यातल्या खाचा आणि झाकणं बनवायचं काम आहेच. धातू हरला तर ओतकामाचं मशीन विकायचं आणि आप्पांनी पॅकिंगला बसायचं.

"पॅकिंगला म्हणजे?" आप्पांनी विचारलं.

"खोकी चिकटवायला," मालकीणबाई म्हणाल्या. त्या वाईट नाहीत, पण गोड बोलणं त्यांना जमत नाही.

त्या दिवशी घरी आप्पांनी भाजीचा चमचाही हातात तोलला नाही.

दोन्ही शिपाई फळीवर उभे राहिले. आप्पांचा करडा, घट्ट, कपाळावर आठ्या असल्यासारखा. आत्याचा पांढरा शुभ्र. मी दोघांच्या पायांभोवती पेन्सिलीने रेघ मारली आणि उंचीच्या गेजने वर केलेल्या हाताचं टोक मोजलं. दोघांचंही तीनशे दोन मिलिमीटर. दोन मिलिमीटरपर्यंत खाली आला तर चालेल. त्याच्या खाली गेला तर नापास.

भिंतीपलीकडे हवेचा कॉम्प्रेसर आहे. तो चालू झाला की फळी बारीक थरथरते. आत्याचा हात जिथल्या तिथे. आप्पांचा हात मात्र जड, सगळा भार खांद्याच्या सांध्यावर. दुसऱ्या दिवशी अर्धा मिलिमीटर खाली. तिसऱ्या दिवशी आणखी अर्धा. चौथ्या दिवशी दीड मिलिमीटर गेला होता. मी तक्त्यावर आकडा लिहिला आणि बाहेर आले, तर आप्पा दारात उभे.

"किती?"

"आप्पा, मी सांगू शकत नाही."

"म्हणजे कळलं," ते म्हणाले आणि गेले.

जेवताना आत्यानेही डोळ्यांनीच विचारलं. मी 'सांगता येत नाही' अशी मान हलवली. त्या दिवशी बाकावर कुणीच भांडलं नाही. इतकं बेचव जेवण मी आयुष्यात जेवले नाही.

पाचव्या दिवशी गेज लावला आणि माझे डोळेच विस्फारले. हात वर आला होता! तीनशे दोन, पहिल्या दिवसाइतका. सहाव्या दिवशी तर तीनशे तीन. अहो, जस्ताला काय पालवी फुटते? मग मी पांढऱ्या शिपायाकडे वळले. त्याचा हात ठीक होता, पण पाय पेन्सिलीच्या रेघेबाहेर नखभर सरकलेले, आणि कमरेवर काळा ठसा. अंगठ्याचा.

आमच्या कारखान्यात असला अंगठा एकाचाच आहे. साच्याला लावायचं वंगण आप्पांच्या बोटांत इतकं मुरलंय, की कडक साबण लावूनही ते घरातल्या प्रत्येक टॉवेलवर सही करतात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःचा हात वर करायचा, वर दुसऱ्याच्या पुतळ्याला ढकलायचं! आणि तक्त्यावर सही कुणाची? माझी! मी तडक ओतकामात गेले. मशीनच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागलं.

"आप्पा, तुम्ही फळीपाशी गेला होतात?"

ते साच्याला वंगण लावत राहिले.

"पांढऱ्याला हात लावलात की नाही? खरं सांगा!"

"लावला," ते म्हणाले.

"आणि आपल्या शिपायाचा हात वर केलात?"

"नाही."

"म्हणजे अर्धंच खोटं बोलणार का? लाज वाटते मला, आप्पा."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मशीनकडे वळून पुढचा नग काढला. मी हे बोलले ते मला आजही बोचतं.

सातव्या दिवशी मी भोंग्याच्या तासभर आधी गेले आणि खोक्यांच्या थप्पीमागे स्टूल टाकून बसले. पंधरा मिनिटांनी दार उघडलं. बघते तर आत्या!

ती सरळ करड्या शिपायापाशी गेली आणि एका बोटाने त्याचा हात वर लोटला. पुटपुटत होती, "वर हो मेल्या. सत्तावीस वर्षं खाल्लंस ना माझ्या भावाचं? मग बारा दिवस तग धर की!" वर केला, लांबून बघितलं, समाधान झालं नाही म्हणून आणखी थोडा वर केला. आणि लगबगीने निघाली. दार तिच्यामागे धाडकन आपटलं.

फळी हादरली. पांढरा शिपाई क्षणभर डुलला आणि तोंडावर आपटला. त्याच्या पायात वजनच नव्हतं.

मी उठणार, तेवढ्यात पुन्हा दार वाजलं. यावेळी आप्पा. त्यांनी फळीकडे बघितलं. त्यांचा स्वतःचा शिपाई ताठ उभा होता, आत्याचा पालथा पडला होता. तसाच पडू दिला असता तर भोंगा झाल्यावर मी येऊन लिहिलं असतं, 'पडला, नापास', आणि त्यांचं मशीन वाचण्याची थोडी तरी आशा होती. हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

त्यांनी बोटं शर्टला पुसली. काही उपयोग नव्हता त्याचा. मग पांढऱ्याला कमरेत धरून उभा केला, पाय रेघेत बसवायला वाकून वाकून बघितलं आणि म्हणाले, "नीट उभा रहा रे. धाकटी बहीण आहे माझी. तिचं काम तोंडावर पडलेलं बघवत नाही मला."

मी थप्पीमागे तोंडावर हात दाबून बसले. रडायला येत होतं आणि हसायलाही, आणि दोन्हीचा आवाज होतो.

ते गेल्यावर मी तक्ता घेतला आणि खरं ते लिहिलं. धातू, हात रोज अर्धा मिलिमीटर खाली येतो. प्लॅस्टिक, दार आपटलं की पडतं. दोन्ही नापास. मग जेवणाच्या सुट्टीत दोन्ही शिपाई त्या दोघांच्या मधे, डब्यांच्या शेजारी ठेवले आणि काय काय बघितलं ते धडाधडा सांगून टाकलं. शेवटी म्हटलं, "आप्पा, चुकले मी."

आप्पांनी हातानेच 'असू दे' म्हटलं. ते आत्याकडे बघत होते. "तू? तू माझा हात वर करत होतीस?"

"मग काय करू?" आत्या उसळली. "तू खोकी चिकटवत बसलास तर भिंतीपलीकडे कोण उरणार? मी भांडू कुणाशी, कॉम्प्रेसरशी? आणि तू रे? माझा पडला तर मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू रडली असतीस."

"मी? मी कशाला रडते?" असं म्हणून ती रडायला लागली.

रडता रडताच तिने खिशातून पेचकस काढला. आत्याचं असंच आहे. करडा शिपाई उचलला, कमरेतून सोडवला. पांढराही सोडवला. पांढरं धड करड्या पायांवर बसवायला गेली तर खुंटी भोकात जाईना.

"तुझी खुंटी जाडी."

"तुझं भोक लहान."

सत्तावीस वर्षं एका भिंतीला पाठ लावून काम केलं, पण एकाचं माप दुसऱ्याने कधी विचारलं नव्हतं! शेवटी आप्पांनी कानस आणून खुंटी घासली आणि खट्कन धड बसलं. तो फळीवर ठेवून मी मुद्दाम दार तीनदा आपटलं. शिपाई ढिम्म उभा, हात वर.

मालकीणबाईंनी तो उलटापालटा करून बघितला. "म्हणजे पाय ओतकामाचे, वरचं सगळं प्लॅस्टिकचं. मशीन ठेवावं लागणार तर." आणि मग, कधी नव्हे ते, हसल्या. "पण बारा दिवस पुन्हा पहिल्यापासून."

"सत्तावीस वर्षं छात्या ओतल्या मी," आप्पा बाहेर येताना कुरकुरले, "आता पायच ओतायचे?" पण त्यांनी शिपाई तळहातावर दोनदा उडवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "तीनशे ऐंशी." काट्यावर तीनशे ब्याऐंशी भरले. दोन ग्रॅम आत्याच्या आसवांचे असतील, असं ते म्हणाले आणि पाठीत एक धपाटा खाल्ला.

दुसऱ्या चाचणीच्या तिसऱ्या दिवशी मी गेज लावला. काल तीनशे दोन होतं, आज तीनशे तीन. मी वाकून बघितलं. पांढऱ्याशुभ्र कोपराखाली काळा अंगठा.

मी ओतकामात जाऊन ओरडले, "आप्पा! अहो, तो हात प्लॅस्टिकचा आहे, तो खाली येत नाही!"

"माहीत आहे मला," ते म्हणाले आणि पुढचा पाय साच्यातून काढून तळहातावर तोलला. "तरी म्हटलं, हात तिचा आहे. एकदा बघून घ्यावं."