होल्याला चालेल असा आवाज

जरा कल्पना करा हं. दुपार कलली आहे. घरापुढे एक उंच बांबू रोवलाय आणि त्याच्या टोकाला टांगलेल्या पिंजऱ्यात एक होला बसलाय. कबुतराहून लहान, मानेवर बारीक पट्टे. तो घुमला की शेजारीपाजारी बोलता बोलता थांबतात. आता त्याच घरात, खिडकीच्या आत, टेबलाखालचा संगणक चालू करा. खेळ रंगात आला की त्याचे चार पंखे उसाच्या चरकासारखे घरघरतात. आलं ऐकू? मग होल्याकडे बघा. त्याने मान आखडून घेतली आणि गप्प झाला.

बांतुल गावात गानिसच्या घरी तीन आठवडे हेच चाललं होतं. गानिस बारा वर्षांची. तिच्या धाकट्या काकाचं, लिक गितोचं, संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. सुटे भाग जमवून त्याने तिला हा संगणक बांधून दिला होता. आणि होला तिच्या आजोबांचा, म्बाह सार्जूंचा. म्बाहंनी तीस वर्षं होल्यांच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बांबूंखाली बसून, डोळे मिटून, आवाजांना गुण दिले होते. यंदा पहिल्यांदाच त्यांचा स्वतःचा पक्षी स्पर्धेत उतरणार होता आणि नेमका तोच मुका झाला होता. म्बाह गानिसला एका शब्दाने बोलले नाहीत. पण तिच्या वडिलांनी निकाल देऊन टाकला होता: रविवारपर्यंत ही घरघर थांबली नाही, तर संगणक परत गितोच्या दुकानात.

लिक गितोने सुचवलं, पाण्याने थंड करून बघू. संगणकातली तापणारी चिप असते ना, तिच्यावर धातूची पोकळ वडी बसवायची. छोटा पंप तिच्यातून पाणी फिरवतो, पाणी चिपची उष्णता उचलतं आणि नळीने रेडिएटरकडे, म्हणजे मोटारीच्या तोंडाशी असते तसल्या जाळीकडे नेतं. तिथे पंखे त्याला निववतात. गितोने आजवर असं काही केलं नव्हतं. त्याने तिला सांगितलं, आधी कागदावर सगळं नीट काढ, शनिवारी मी येतो.

गानिसने काढायला घेतलं आणि पंख्यांपाशी तिची पेन्सिल अडली. पंखे आले की आवाज आलाच. मग तिला सुचलं आणि ती जेवणाचं ताट तसंच सोडून उठली. पंखे लागतातच कशाला? कोपऱ्यावर दावेत नावाचं सरबत विकणाऱ्या बू मार्सिहकडे रोज सकाळी बर्फाची लादी येते. बादलीभर बर्फ घ्यायचा आणि त्यातून नळी न्यायची. एकही पंखा नाही. तिने शाईने मोठ्या दिमाखात चित्र काढलं आणि ओट्यावर म्बाहंपुढे पसरलं.

म्बाह बर्फ घातलेला गोड चहा पीत होते. त्यांनी ग्लास उचलला आणि बरोबर चित्रावर ठेवला.

"म्बाह, कागदावर नको ना."

"राहू दे गं जरा. पाणी कुठून कुठे जातं, ते सांग मला."

गानिस सांगत सुटली. हात नाचवत, धापा टाकत, बादलीपासून वडीपर्यंत आणि परत. तिचं सांगणं संपेतो ग्लासाखाली थारोळं झालं होतं आणि 'चिप' लिहिलेल्या चौकोनाची शाई पसरली होती.

"बघ बाई, ग्लासाला चीर गेलीय का," म्बाह म्हणाले.

तिने ग्लास उचलून बूड चाचपलं. चीर नव्हती. मग तिने बाहेरचा थेंब बोटावर घेऊन चाटला. "गोड नाहीये."

"मग तो चहा नव्हे."

गानिसच्या लक्षात आलं. आतला चहा बाहेर आला नव्हता. थंड ग्लासाला हवेतलं पाणी येऊन चिकटलं होतं. तिची नळीही अशीच गार होणार होती, अशीच घामेजणार होती, आणि तीही थेट चिपच्या डोक्यावर.

"माझा संगणक रडला असता," ती हळूच म्हणाली.

"रडला असता आणि मग मेला असता."

म्हणजे फिरून पंख्यांशीच गाठ. तिचा चेहरा उतरला. म्बाहंनी बिस्किटाच्या खोक्याचं झाकण फाडून तिच्या हातात दिलं आणि वारा घाल म्हणाले. पुठ्ठा तो केवढासा. तिने फडफड फडफड हलवला, तेव्हा कुठे त्यांचे केस हलले. मग त्यांनी चुलीजवळचा मोठा बांबूचा पंखा दिला. तो तिने एकदाच, सावकाश फिरवला. तेवढीच झुळूक आली, आवाज मात्र नाही.

गानिस पंखा टाकून उठलीच. पाणी बर्फासारखं व्हायला नकोच होतं. चिपपेक्षा गार असलं तरी पुरे. जाळी जेवढी मोठी तेवढे रुंद पंखे लावता येतील, आणि ते जेवढे रुंद तेवढे सावकाश फिरवता येतील. तिने गितोला फोन करून एका दमात सगळं सांगितलं. हे तुला कोणी शिकवलं, त्याने विचारलं. चहाने, ती म्हणाली.

शनिवारी गितो लांबरुंद जाळी, तीन मोठे पंखे आणि पंप घेऊन आला. संगणकात काही बसवायच्या आधी ओट्यावरच चाचणी करायची ठरली. जाळी, पंखे, पंप असं सगळं टेबलावर मांडलं, शेजारी पाण्याची बादली. पंप सुरू होताच घूं घूं उठली, तशी म्बाहंनी टेबलावर तळवा टेकवला.

"पंप नाही गं ओरडत. हे टेबल गातंय."

गितोने एका जुन्या रबरी चपलेचा तळ कापून पंपाखाली सरकवला. गाणं थांबलं. मग म्बाहंनी दोरी सैल सोडून पिंजरा खाली घेतला, टेबलापासून दोन हातांवर टांगला आणि स्पर्धेत बसतात तसे डोळे मिटून बसले.

गानिसने पंख्यांचं बटण पूर्ण फिरवलं. होला गप्प. थोडं कमी केलं. गप्पच. आणखी कमी. होल्याने मान बाहेर काढली. ती श्वास रोखून केसभर केसभर बटण मागे घेत राहिली आणि एका जागी होल्याचा गळा फुगला. तो घुमला. मग पुन्हा, लांब आणि भरून.

वडील दारात येऊन उभे होते. तुम्ही ते सुरू कधी करणार, त्यांनी विचारलं. गितो हसायला लागला. सुरूच आहे, त्याने सांगितलं. वडील टेबलाजवळ आले, फिरत्या पंख्यापुढे हात धरला आणि तो तसाच धरून उभे राहिले.

"राहू दे मग संगणक घरात," ते म्हणाले.

म्बाहंनी डोळे उघडले नाहीत. फक्त एक बोट वर करून सगळ्यांना गप्प केलं, कारण होला अजून घुमत होता.

गानिसने पेन्सिलीने बटणाशेजारी खूण केली. मग, याहून जवळूनही तो घुमतो का बघायला, टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि ते अलगद पिंजऱ्याच्या एक वीत जवळ सरकवलं.