बटणाचे चार पाय

"हा बोर्ड चालला नाही, तर हे सोल्डरिंग आयर्न कायमचं खणात," काकांनी सकाळीच जाहीर करून टाकलं होतं.

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. पण वर्षभरापासून उजवा हात किंचित थरथरायला लागला होता, आणि काका चहाचा कप गुपचूप डाव्या हाताने उचलायला शिकले होते. पुतणीने स्वतः आखलेला पहिलावहिला सर्किट बोर्ड, बेकरीच्या भट्टीच्या तापमानावर नजर ठेवणारा, जोडायला मुद्दाम त्यांच्याकडे आणला होता. तिला स्वतःला जोडता येत नव्हता असं नाही. काका रिकामे बसलेले तिला बघवत नव्हते, एवढंच.

आणि आता बोर्ड ढिम्म. कॉम्प्युटरला लावला की पडद्यावर एकच ओळ: चिप सापडली नाही. केबल बदलली, चिपशी बोलणारा डिबगर बदलला, चार शिव्याही देऊन झाल्या. ओळ तीच.

काका चिमटे पुसून एकेक करत डब्यात भरू लागले.

"थांबा हो काका! मला बघू तरी द्या."

"बघायचंय काय त्यात? हातच गेलाय माझा."

तिने भिंग डोळ्याला लावलं. चिपचे अठ्ठेचाळीस पाय, एकही शेजाऱ्याला चिकटलेला नाही. वीजही नीट पोचत होती. मग मीटरचं टोक तिने रीसेटच्या पायावर टेकवलं. तिथे तीन व्होल्ट हवे होते. आकडा शून्य! म्हणजे रीसेटचं बटण कोणीतरी सतत दाबून धरल्यासारखं. अशी चिप जागी होणार कशी आणि डिबगरला ओ देणार कशी?

पण बटणाला तर कोणी बोटही लावलं नव्हतं. तिने स्वतःचा आराखडा उघडला आणि कपाळावर हात मारला. बटणाला पाय चार, त्यातले दोन-दोन आतून कायमचे जोडलेले. बाईसाहेबांनी नेमकी तीच जोडी धरली होती: एक पाय रीसेटला, दुसरा ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला. बटण न दाबताही कायम दाबलेलंच!

"काका, चूक माझी आहे!" ती ओरडलीच. "सगळीच्या सगळी माझी!"

"अगं, मग लॉटरी लागल्यासारखी काय नाचतेस?"

पण त्यांचाही चेहरा उजळला होता. त्यांनी सोल्डर वितळवून बटण अलगद उपटलं, तिने केबल लावली. चिप सापडली. स्वतःच्या गाढवपणाचा एवढा आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता.

"आता बटण आडवं फिरवून बसवावं लागेल," ती म्हणाली. "पाय भोकांत बसणार नाहीत. बारीक तारा जोडाव्या लागतील. फार नाजूक काम आहे हो."

"मग सरक तिकडे, उजेड अडवू नकोस." काकांनी डबा उघडून सगळे चिमटे पुन्हा टेबलावर मांडले. "आणि चहा टाक. कप माझ्या उजव्या हाताला ठेव."