ओला ठेका

आमचे हे रॉक आणि पॉपचे समीक्षक आहेत. म्हणजे कुणीतरी दोन वर्षं राबून केलेला अल्बम हे आठवड्याभरात तीन वेळा ऐकतात आणि दहापैकी साडेपाच गुण देतात. पहिल्यांदा हेडफोन लावून, दुसऱ्यांदा फिरायला जाताना आणि तिसऱ्यांदा भांडी घासताना. तिसरं ऐकणं सर्वांत महत्त्वाचं, असं त्यांचं मत आहे. माझंही आहे, कारण त्यात भांडी निघतात.

गुण छापून येण्याआधीच मला कळतात. अल्बम भिकार असला की रागाच्या भरात कढई अशी लख्ख निघते की तोंड पाहून घ्यावं. बरा असला तर कडेला साबण राहतो. त्यापलीकडचं मी वीस वर्षांत काही पाहिलेलं नाही.

या समीक्षेपायी माझा धाकटा भाऊ अकरा वर्षं आमच्या घरी आलेला नाही. तो नळ दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात गातो. त्याचा पहिला अल्बम आला तेव्हा यांनी दोन गुण दिले आणि वर लिहिलं, ‘गायकाने हातचा धंदा सोडू नये.’ भावाने ते कात्रण चौकटीत घालून दुकानात लावलं. गिऱ्हाइकं वाढली. पण “दाजींनी माझ्या गाण्याबद्दल एक बरा शब्द लिहिला की येईन,” म्हणून जो रुसून बसला तो बसलाच. फोनवर माझ्याशी तासभर बोलतो, पण आमचा जिना चढत नाही.

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळतो. घरचा नळवाला असताना परका बोलवायचा, म्हणजे भावाचं नाक कापल्यासारखं. आणि यांनी भावाला बोलवायचं, म्हणजे यांचं. नाकं दोन्ही शाबूत आहेत. नळाची पुढे इतकी सवय झाली की तो ऐकू येईनासा झाला.

गेल्या वर्षी यांच्या मासिकाच्या संपादकबाईंनी नवा नियम काढला. अल्बम समीक्षकाकडे नावाविना जाणार, नुसता क्रमांक टाकून. समीक्षक नाव बघून गुण देतात, असा त्यांना संशय होता. समीक्षक मंडळी या आरोपाने फार दुखावली, आणि पहिल्याच महिन्यात एका बड्या गायकाला साडेतीन पडले.

त्या दिवशी क्रमांक सदतीस होता. हे सिंकपाशी उभे, मी टेबलाशी कॉलेजचे पेपर तपासत बसलेली. पहिलं गाणं सुरू झालं आणि माझं लाल पेन हवेतच राहिलं. ओळ उचलण्याआधी नाकाने सुर्रकन श्वास ओढायचा, ही लहानपणापासूनची खोड एकाच माणसाची. यांना तो ओळखू येणं शक्यच नव्हतं. यांनी त्याला फक्त ओरडताना ऐकलं होतं, आणि हा तर गात होता.

सांगावं का? सांगितलं असतं, तर ‘नात्यातला माणूस’ म्हणून यांनी तो अल्बम तत्त्वाने तसाच परत पाठवला असता. मग आणखी अकरा वर्षं. मी तोंड बंद ठेवलं आणि एका हुशार मुलीला चुकून शून्य दिलं.

तिसऱ्या गाण्याला यांनी घासलेली कढई परत घासायला घेतली. चौथ्याला मांडणीवरची स्वच्छ ताटं उतरवली. मग तिसरं गाणं पुन्हा लावलं आणि कंबर हलवली. हो, कंबर. मी ती लग्नातही हलताना पाहिली नव्हती.

“अगं, कप आण.”

“धुतलेत सगळे.”

“मग चहा पी आणि आण!”

नऊ गुण पडले. मी कच्चा मसुदा वाचला. ‘तिसऱ्या गाण्यात गिटार थांबते तिथे दूरवर एक ओला ठेका पडतो. किंचित उशिराच, जणू त्याला गाण्याची पर्वाच नाही. असा संयम मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.’

“कुठला ठेका?” मी विचारलं.

“तुला नाही कळायचं. त्याला कान लागतो.”

टप्, असं सिंकमधून झालं. इतक्या वर्षांनी मला तो नळ ऐकू आला. नऊ गुण छापून येईपर्यंत मी दोघांनाही काही बोलले नाही. यांनाही आणि नळालाही.

अंक आला, नावासकट. यांनी ते नाव चार वेळा वाचलं.

“तुला माहीत होतं?”

“मला कुठलं कळायला? त्याला कान लागतो.” मग मात्र माझा आवाज जरा बारीक झाला. “आता बदलणार का गुण?”

“दिलेला गुण मी मागे घेत नाही. ते दोन तरी घेतले का?”

“ते घेतले असते तर चाललं असतं.”

रविवारी सकाळी घंटी वाजली. दारात भाऊ, खांद्याला अवजारांची पिशवी, डोक्यावरचे केस निम्मे. मी त्याला मिठी मारली तर म्हणाला, “ताई, थांब, आधी काम. दाजी कुठायत?”

दाजी स्वयंपाकघरात लपले होते.

“दाजी, नऊ दिलेत, भरून पावलो. पण तो ओला ठेका कुठला? आमचा ड्रमवाला तीन दिवस शोधतोय. म्हणतो, मी वाजवलेला नाही, पण लिहिलंय तर माझाच असणार.”

“काय वाजवलंय हेसुद्धा तुम्हा लोकांना कळत नाही,” असं म्हणून यांनी गाणं लावलं. गिटार थांबली.

टप्.

“हा!” यांनी बोट वर केलं.

भावाने स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग नळाकडे. आणि खालीच बसला हसत. हे आधी लाल झाले, मग जांभळे, आणि मग त्याच्याशेजारी फरशीवर बसून असे हसले की चष्मा पडला.

“अकरा वर्षं गळतोय?” भाऊ डोळे पुसत म्हणाला.

“तुझीच वाट बघत होता,” मी म्हणाले.

पाना काढून त्याने दोन मिनिटांत वॉशर बदलला. नळ गप्प झाला. भावाने हौसेने तिसरं गाणं पुन्हा लावलं. यांनी डोळे मिटले. गिटार थांबली, आणि काहीच झालं नाही.

“आठ,” हे म्हणाले.

भावाने पिशवी उघडली आणि जुना वॉशर परत बसवला.

नळ अजून गळतो. भाऊ दर रविवारी तो बघायला येतो, जेवून जातो, आणि मग दोघे मिळून भांडी घासतात. एकही धड निघत नाही.