टाक्यापलीकडचं दार

कृपादानला कोडं दिसलं की त्याचं जेवणातून लक्ष उडायचं. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तो टर्नर होता. पंपाचे शाफ्ट कातायचा, हाताला चांगला होता. पण त्याचा सगळा जीव घरी कपाटाच्या खालच्या खणात असायचा. एकमेकींत अडकवलेल्या तारा, सरकत्या आकड्यांची डबी, लाकडाला भोकं पाडून त्यानं स्वतः केलेला गोट्यांचा पट. कोडं सुटेपर्यंत तो सैरभैर व्हायचा, आणि सुटलं की लगेच उदास. त्याची बायको दया मिशनच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. ती म्हणायची, "तुम्हाला उत्तर नकोच असतं मुळी. तुम्हाला ती खाज हवी असते."

बहात्तरच्या दुष्काळात गावोगावची माणसं कामाला शहरात आली, तसा जामखेडकडचा गहिनीनाथ या कारखान्याच्या गोदामात हमाल म्हणून लागला. एकदा जेवणाच्या सुट्टीत कृपादाननं त्याच्या हातात तारेचं कोडं दिलं. गहिनीनाथनं ते इकडून तिकडून फिरवलं आणि परत दिलं.

"ह्ये हातातलं कोडं झालं," तो म्हणाला. "आमच्याकडं गुरामागं बसल्यावर आमी दुसरंच खेळायचो. मी सांगायचं, तुमी चालायचं."

"कुठं चालायचं?"

"किल्ल्यात. आधी सांगा, तुमी कोण?"

आजवर कुणी कृपादानला दुसरं कुणी होण्याचं आमंत्रण दिलं नव्हतं. मग तो म्हणाला, "पखालजी. पाणी भरणाऱ्याला कुणी अडवत नाही."

गहिनीनाथ खूश झाला. "लई ब्येस. किल्लेदारानं तुमच्या भावाला कोंडलाय. कातड्याची पखाल पाठीवर घ्या आन् निघा."

असा तो खेळ सुरू झाला. जमिनीवर कोळशानं तटाच्या रेघा, नशीब बघायचं असलं की फोडलेले चिंचोके टाकायचे, पांढरी बाजू वर आली तर निभावलं. गहिनीनाथ दाराशी पहारेकरी उभा करायचा आणि त्याच्याच आवाजात दरडावायचा. आणि कृपादान, जो फोरमनसमोर मान वर करत नसे, तो पहारेकऱ्याला सरळ म्हणायचा, "बाजूला हो, किल्लेदार तहानलाय." स्वतःचा तो आवाज ऐकून त्याच्या अंगावर काटा यायचा. दुपारचा भोंगा होईस्तोवर तो सकाळ कशीबशी ढकलायचा. संध्याकाळी घरी येऊन दयाला सगळं सांगायचा, आणि ती वह्या तपासता तपासता हूं हूं करायची.

जूनमधल्या एका दुपारी पखालजी तळघरात पोचला. गहिनीनाथ म्हणाला, "मागचं दार बंद झालं. म्होरं टाकं हाय, पाण्यानं भरल्यालं. पल्याड दार. दाराआड कुणीतरी खोकतंय. नाव न्हाई, दोर न्हाई, आन् तुमाला पवता येत न्हाई. बोला."

तेवढ्यात भोंगा झाला.

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ कामावर आलाच नाही. जामखेडकडं पाऊस झाला होता. दुष्काळात आलेली माणसं एकेक करून पेरणीला परत चालली होती, त्यांच्यासोबत तोही गेला. कुणाला सांगून जाण्याइतकी त्याला सवडही मिळाली नसावी.

कृपादान मात्र तळघरातच राहिला. लेथ चालू असताना त्याला समोर पाणी दिसायचं. जेवताना दाराआडचा खोकला ऐकू यायचा. एकदा तर शाफ्टचा व्यास मापाखाली गेला तरी त्याचा हात थांबला नाही. फोरमननं तो तुकडा उचलून त्याच्या नाकासमोर धरला. "हे काय केलंस? झोपला होतास का?" कृपादाननं मान खाली घातली. पखालजी असता तर बोलला असता, हे मनात येऊन त्याला आणखीनच चुटपुट लागली.

दयानं एकदा वैतागून विचारलं, "भाऊच आहे ना आत? मग मारायची उडी."

"पोहता येत नाही."

"कुणाला? तुम्हाला की पखालजीला?"

"दोघांनाही."

मग एका संध्याकाळी सायकल पंक्चर झाली म्हणून तो फाट्यावरच्या दुकानात थांबला. दुकानदार फुगवलेली ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबत होता आणि ती सारखी उसळून वर येत होती. कृपादान बघत राहिला. एकाएकी त्याच्या तोंडून मोठ्यानं निघालं, "पखाल रिकामी करायची! हवा भरून तोंड आवळायचं!"

"काय म्हणता?" दुकानदार दचकला.

उत्तर सापडलं होतं. पण ते सांगायचं कुणाला? तारेचं कोडं सुटलं की तार हातात मोकळी होते. हे कोडं सुटूनही दार बंदच होतं, कारण ते उघडणारा जामखेडला होता. रविवारी कृपादान मिशनच्या देवळात न जाता एसटीत बसला. दया दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "पाळकसाहेबांना मी काय सांगू? नवरा तळघरात अडकलाय?" पण डब्यात तिनं चपात्या बांधून दिल्या होत्या.

कडा गेलं, आष्टी गेली. गाडी थांबली की त्याचा पाय आपोआप हलायला लागायचा. जामखेडला उतरून, विचारत विचारत तो वस्तीवर पोचला, तर गहिनीनाथ शेतात पेरणीची पाभर हाकत होता. मागं त्याची बायको पुष्पावती बियाण्याच्या चाड्यावर मूठ धरून बाजरी पेरत होती.

"कृपादानभाऊ? तुमी?" गहिनीनाथनं बैल थांबवले. "कुनाचं काय बरंवाईट झालं का?"

"पखाल फुगवायची," कृपादान धापा टाकत म्हणाला. "तिच्यावर पालथं पडायचं आणि हातानं पाणी मारत जायचं. बरोबर?"

"कसली पखाल?"

"टाकं. तळघर. दाराआड खोकणारा."

गहिनीनाथनं डोकं खाजवलं. मग त्याला आठवलं आणि तो मोकळेपणानं हसला. "ब्येस काढलं की. मला न्हाई सुचलं ते."

"म्हणजे? तुझं उत्तर वेगळं होतं?"

"माझं कुठलं उत्तर? तुमी बोलल्यावर मला म्होरचं दिसायचं."

"आणि दाराआड कोण आहे? भाऊच ना?"

"ते मला तरी कुठं ठाव हाय!"

कृपादान मातीतच बसला. त्याला राग आला, आणि राग कुणावर धरावा हे कळेना. इतके दिवस आपण जे बंद दार ढकलत होतो, त्याच्यामागं खोलीच नव्हती! कुणीच ती अजून बांधली नव्हती. पुष्पावतीला त्याची कीव आली असावी. ती नवऱ्याला म्हणाली, "येवढ्या लांबून आल्यात. दार तरी उघडा त्यांचं."

"वापसा जाईल, रानातली वल उडंल," गहिनीनाथ आभाळाकडं बघत म्हणाला. "थांबाया जमायचं न्हाई. चला भाऊ, संगं चला. पाभरीच्या नळीत माती बसली तर काडीनं काढा. हात चालू द्या, तोंड मोकळंच हाय."

मग कृपादान चपला काढून पाभरीच्या बाजूनं चालू लागला. गहिनीनाथ पुढं बघत, मधेच बैलांना हाकारत सांगत होता. पखालजी पाण्यात उतरला. पखालीनं तोलून धरलं. पलीकडं पोचून त्यानं दाराची कडी काढली. आत एक माणूस बसला होता, पण तो भाऊ नव्हता. तो म्हणाला, तुझा भाऊ गेला इथनं, माझ्या मदतीनंच गेला. जाताना मला म्हणाला, तूबी चल. मी न्हाई गेलो.

"का नाही गेला?" कृपादाननं विचारलं.

गहिनीनाथ तासाच्या शेवटाला, बांधाशी पोचला होता. त्यानं बैल वळवले. "ते तुमीच इचारा त्याला. मी आता कारखान्याकडं येत न्हाई, भाऊ. हितंच बरं हाय. म्होरचं तुमचं तुमी बघा."

"पण मला सांगता येत नाही. मला फक्त सोडवता येतं."

"बोलनारं कुनी गाठा," पुष्पावती म्हणाली आणि पुन्हा मूठ सोडू लागली.

परतीच्या गाडीत त्याला खिडकीशी जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. तो माणूस का गेला नाही? पाय धड नव्हते म्हणून? बाहेर कुणी उरलं नव्हतं म्हणून? प्रत्येक कारण खरं वाटायचं आणि पुढच्या खड्ड्याला खोटं ठरायचं. यातलं बरोबर कुठलं हे सांगणारा आता कुणी नव्हता.

घरी आला तेव्हा दया दिवा लावत होती. तिनं त्याच्या मातीनं भरलेल्या पायांकडं पाहिलं.

"मग? काय होतं दाराआड?"

कृपादान पाटावर बसला. पाणी प्यायला. "सांगतो. पण आधी तू सांग, तू कोण?"

"मी?" दया हसली नाही. ती विचार करत राहिली, आणि वर्गात मुलं उत्तर शोधताना ती जशी वाट पाहायची, तशी आज त्याला तिची वाट पाहावी लागली. शेवटी ती म्हणाली, "मी किल्लेदाराची बायको. माझ्याकडं सगळ्या किल्ल्या आहेत. पण मला एक सांगा, माझ्या नवऱ्यानं या माणसांना कोंडलंय कशासाठी?"

हे कृपादानच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्याचा पाय हलायला लागला. दया समोर बसून राहिली, कान देऊन.

"थांब," तो म्हणाला, "थांब जरा. बघतो."